माझ्या सीटखालचं इंजिन

मला त्या मधल्या इंजिनाच्या गाड्यांचा राग येतो. लटका राग नव्हे, खरोखरचा. मोबाइलवर ती जमिनीला चिकटलेली, रुंद बुडाची, नाक खाली घातलेली गाडी दिसली की मी मोबाइल पालथा घालते. शेजारीण म्हणते, "ताई, गाडीच तर आहे, इतकं काय त्यात?" गाडीच तर आहे! जिच्या घरात ती शिरली नाही तिनं खुशाल म्हणावं. माझ्या घरात ती शिरली, माझं इंजिन घेऊन गेली आणि मागोमाग माझा भाऊही घेऊन गेली. त्यात माझा स्वतःचा हात किती होता, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आज सांगते.

मी देवासला एकोणीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून इथं आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही. वडील अचानक गेले तेव्हा मी पंचविशीत होते, भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी जुनी व्हॅन घेतली, लायसन्स काढलं आणि पोरं शाळेत पोचवायला लागले. बाईमाणूस व्हॅन चालवते म्हणून देवीच्या टेकडीखालच्या रिक्षावाल्यांनी सुरुवातीला खूप दात काढले. एकाला मी भर चौकात गाडी आडवी घालून विचारलं, "क्यों भिया, कुछ तकलीफ है?" त्यानंतर सगळे सरळ झाले.

त्या व्हॅनचं इंजिन कुठे असतं, हे जो चालवतो त्यालाच कळतं. पुढे बॉनेट नाही, सगळं सपाट. मागे डिकीतही नाही. ड्रायव्हरची सीट उचला, खाली इंजिन! मे महिन्यात माळव्यातलं ऊन वरून आणि इंजिनाची आग खालून. पहिल्या उन्हाळ्यात घरी आल्यावर मला धड खाली बसवत नव्हतं, आई हसून हसून बेजार. पुढे मी गोधडी चौपदरी करून सीटवर घालायला लागले. पण त्या आगीचा एक फायदा होता. व्हॅनचा तापमानाचा काटा दुसऱ्याच वर्षी अर्ध्यावर अडकला तो कायमचा. गाडी थंड असो की तापलेली, काटा आपला अर्ध्यावर. मी तो कधी बदलला नाही, कारण गरजच पडली नाही. सीट नेहमीपेक्षा जास्त भाजायला लागली की मला कळायचं आणि मी गाडी सावलीला लावून पोरांना गोष्ट सांगत बसायची. एकोणीस वर्षांत ते इंजिन मी एकदाही उकळू दिलं नाही. याचा मला माज होता, आणि का असू नये?

भावाला लहानपणापासून गाड्यांचं वेड. घरात चित्रं चिकटवायचा, भिंतीचा रंग निघाला की आईचा मार खायचा. पुढे इंजिनियर झाला आणि धार जिल्ह्यात पिथमपूरला एका गाड्या तपासण्याच्या ठिकाणी लागला. तिथं मैलोन् मैल गोल रस्ता आहे, त्यावर कंपन्यांच्या गाड्या दिवसभर पळतात. ह्याचं काम काय, तर दुसऱ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या टायरांतली हवा बघायची, आकडे लिहायचे आणि सही करायची. अकरा वर्षं तेच. पण अधूनमधून कुठूनतरी एखादी परदेशी, इंजिन मधे असलेली गाडी यायची, आणि त्या रविवारी हा देवासला येऊन माझं डोकं खायचा.

"ताई, समज नं जरा," त्याचं सुरू व्हायचं. "गाडीत सगळ्यात जड काय? इंजिन. ते पुढे टाकलं की नाक जड. वळताना नाक सरळ पळायला बघतं. पार मागे टाकलं की शेपूट झोडपते. मधे ठेवलं की गाडी स्वतःभोवती वळते. कडेवर मूल घेऊन तू कशी झर्रकन वळायचीस, तसं. तेच मूल हात लांब करून धरलं तर?"

"तर मूल पडेल," मी म्हणायची.

त्याला पर्वा नसायची. तो पुढे सांगत राहायचा. युरोपात शर्यतीच्या गाड्यांना आधी इंजिन पुढे असायचं. मग इंग्लंडातल्या एका लहानशा वर्कशॉपनं इंजिन उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवलं. मोठ्या मोठ्या कारखान्यांनी नाकं मुरडली, आणि दोन-तीन वर्षांत त्यांचीच नाकं कापली गेली. मग सगळ्यांनीच इंजिन मागे नेलं. मग इटलीतल्या कुणीतरी बारा सिलिंडरचं अख्खं धूड आडवं करून सीटच्या मागे कोंबलं, आणि अशी गाडी रस्त्यावर आणली की लोक वेडे झाले. मग पाचर मारल्यासारख्या त्रिकोणी गाड्या आल्या, ज्यांतून मागचं काही दिसत नाही आणि उतरताना कमरेचा काटा ढिला होतो. मग कुणा शहाण्यानं साध्या घरगुती गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून सीटच्या मागे लावलं, म्हणजे नोकरदार माणसालाही ती चैन परवडावी. भावाचा जीव होता तो ह्या शेवटच्या जातीवर. आता म्हणे जुनी अमेरिकन गाडीसुद्धा, जिनं इतकी दशकं इंजिन पुढे मिरवलं, तिनंही ते मागे घेतलं. कुठे इंजिनाला विजेची मोटर जोडतात, आणि उद्या तर इंजिनच नसणार, सगळी बॅटरी पायाखाली.

"म्हणजे इतका खटाटोप करून शेवटी इंजिनच गायब," मी म्हटलं. "छान केलं हो."

"तुझी व्हॅन पण मिड-इंजिनच आहे ग, ताई," तो एकदा म्हणाला. "पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे इंजिन. नियमानं बघितलं तर तू स्पोर्ट्स कारच चालवून राहिलीस."

मी त्याला लाटणं फेकून मारलं. पण मनातून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? कारण ते मला आधीच माहीत होतं. टेकडीखालच्या गल्ल्यांत ती व्हॅन अशी वळायची की बघत राहावं. आणि दप्तरं पार मागे टाकली की तिचं वळण बिघडायचं, हेही मला कुठल्या पुस्तकाशिवाय कळलं होतं.

मग शाळेनं नियम काढला की इतक्या जुन्या गाड्या चालणार नाहीत. व्हॅन दारात उभी राहिली. मी रोज सकाळी सहाला उठून तिला सुरू करायची, पाच मिनिटं घुरघुर ऐकायची आणि बंद करायची. आई म्हणायची, भंगारात देऊन टाक. मी देत नव्हते. तिचं पुढे काय करायचं ते मला ठरवायचं होतं, आणि मी ठरवत होते. कुणाला घाई आहे का?

एका रविवारी भाऊ म्हणाला, "ताई, महिनाभर पिथमपूरला नेतो. मस्त सर्व्हिस करून आणतो." मी चावी दिली. महिना झाला, दोन झाले. फोन केला की "होऊन राहिलंय, होऊन राहिलंय." शेवटी मी बसनं इंदूरला आणि तिथून पिथमपूरला गेले. घराच्या मागे त्यानं पत्र्याची शेड घातली होती. बाहेर माझी व्हॅन विटांवर उभी. सीट उचललेली, खाली रिकामा खड्डा. आत शेडमधे नळ्यांचा एक सांगाडा, दोन सीटांचा, आणि सीटांच्या मागे आडवं बसवलेलं माझं इंजिन.

"सरप्राइज!" तो म्हणाला. तोंडभर हसत होता. "गिअरबॉक्स एका जुन्या छोट्या गाडीचा बसवला, जात एकच आहे दोघांची. ताई, तुझं इंजिन आता खऱ्या जागेवर आलं."

खऱ्या जागेवर! म्हणजे एकोणीस वर्षं ते खोट्या जागेवर होतं का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचारलं नाही, सवरलं नाही, आणि वर मी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा. माझ्या भावजयीनं चहा आणला, तो मी घेतला नाही. भावाला मी एक शब्द बोलले नाही, आणि तिथंच माझं चुकलं. तोंड वाजवलं असतं तर तिथल्या तिथं मिटलं असतं. मी गप्प बसले, बस धरली आणि देवासला आले.

दीड वर्ष तो सांगाडा वाढत गेला. पत्रा चढला, लाल रंग चढला. आईला घेऊन मी जायची, कारण आईला नातीला भेटायचं असायचं. दर वेळी भाऊ मला हात धरून शेडमधे न्यायचा. बोलत नव्हते तरी न्यायचा. सीटांच्या मागे त्यानं जाड भिंत घातली होती, इंजिनाची आग आत येऊ नये म्हणून. रेडिएटर दोन्ही कुशीत बसवले होते आणि त्यांच्यापुढे दारांच्या मागे दोन रुंद तोंडं कापली होती. "ही मोकळी पाहिजेत, ताई," तो म्हणायचा. "पुढून हवा लागत नाही ना हिला. सगळा श्वास इथून." आणि समोर मीटरच्या जागी माझ्या व्हॅनचंच मीटर बसवलं होतं. काचेवर पोरांनी चिकटवलेला फुलपाखराचा स्टिकर अजून तसाच. "एवढं तरी तुझं राहू दे म्हटलं," तो म्हणाला.

तो काटा अर्ध्यावर अडकतो हे मी त्याला सांगितलं नाही. दोन-चार वेळा त्यानं कारखान्यांच्या रिकाम्या रस्त्यांवर गाडी फिरवली. काटा अर्ध्यावर बघून हा खूश, की कूलिंग एकदम परफेक्ट. दिवसभर दुसऱ्यांची मीटरं तपासणारा इंजिनियर, आणि ताईच्या मीटरवर डोळे मिटून विश्वास. मी तोंडाला कुलूप घातलं होतं.

मग पुण्याच्या साहेबांची गोष्ट निघाली. तपासणीच्या कामाला आलेले एक साहेब शेड बघून गेले होते. त्यांच्याकडे नव्या गाड्या आखण्याचं काम चालायचं. ते म्हणाले, मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत येतोय. गाडी मला घाटात नीट चालवून दाखव, मग पुण्याला आमच्याकडे तुझ्या नोकरीचं बघू. भावाचं सगळं त्या एका फेरीवर आलं. अकरा वर्षं टायरांतली हवा मोजून तो पिचला होता, हे मला दिसत होतं. पण माझ्या मनात एकच, की माझं इंजिन चोरून हा पुण्याला निघाला.

दसऱ्याला आई आणि मी पिथमपूरला गेलो. आमच्या घरी दसऱ्याला हत्यारं, अवजारं आणि गाड्या यांची पूजा पहिल्यापासून. वडील कारखान्यातले पाने आणि हातोडी घरी आणून पाटावर मांडायचे. आणि आमच्याकडे एक रीत आहे. दसऱ्याचा हार गाडीवरून हातानं उतरवायचा नाही. सुकेल, गळेल तेव्हा गळेल. वडिलांच्या स्कूटरवर तो दिवाळीपर्यंत लटकायचा. माझ्या व्हॅनवरही लटकायचा, पण मी तो वर वायपरला बांधायची. पुढच्या जाळीवर मी एकोणीस वर्षांत कधी फूल टेकवलं नाही.

आई म्हणाली, "पूजा मोठीच्या हातून होऊ दे. गाडीतलं तिलाच कळतं." भावानं मान डोलावली. दीड वर्षांनी ताई आपल्या गाडीला हात लावणार म्हणून त्याचा चेहरा फुलला होता. मी पाणी शिंपडलं, हळदकुंकू लावलं, पुढच्या झाकणावर स्वस्तिक काढलं. आई म्हणाली, "इंजिनावर काढ." भाऊ म्हणाला, "इंजिन मागे आहे, आई." आई म्हणाली, "मग मागे पण काढ, देवाला काय ठाऊक तू कुठं ठेवलंयस!" सगळे हसले. मीही हसले.

मग मी हार घेतले. सकाळी बसून मीच गुंफले होते, झेंडू आणि आंब्याची पानं, इतके दाट की बोट आत जाऊ नये. भावजय म्हणाली, पुढे बांधा नं ताई. मी म्हटलं, पुढे स्वस्तिक झाकेल. आणि मी ते दोन्ही कुशीतल्या तोंडांवर बांधले. आडवे, तीन-तीन पदर, तारेनं, घट्ट. काय करतेय ते मला स्वच्छ माहीत होतं.

भावानं पाहिलं. हाराखाली बोट घालून बघितलं आणि आईकडे बघितलं. "आई, हा थोडा वर सरकवला तर?"

"बांधलेला दसऱ्याचा हार हलवायचा नाही," आई म्हणाली.

त्यानं बोट काढून घेतलं. मग म्हणाला, "राहू दे. ताईनं बांधलाय." आणि हसला, की काटा कधी अर्ध्याच्या वर गेला नाही, कूलिंगला मार्जिन भरपूर आहे.

पहिली फेरी ताईची, असं त्यानंच ठरवलं होतं. जेवणं झाल्यावर दुपारी आम्ही निघालो. मागे लाल अक्षरांत 'ऑन टेस्ट' लिहिलेली पट्टी. मानपूरवरून घाट उतरून धामनोद, तिथं चहा, आणि परत घाट चढून घरी. उद्या साहेबांना हाच रस्ता दाखवायचा होता.

आता हे सांगायला मला जड जातंय, पण सांगते. घाट उतरताना मला मजा आली. आम्ही जमिनीपासून वीतभर वर होतो. माझ्या इंजिनाचा आवाज पाठीमागून येत होता, भिंतीतून गाळून आल्यासारखा, पण तोच. वळण आलं की गाडी वाकत नव्हती, कलत नव्हती, तो नुसता हात फिरवायचा आणि आम्ही वळलेलो असायचो. ट्रकवाले खिडकीतून माना काढून बघत होते. एकानं हॉर्न वाजवून हात केला. मी आपसूक हसले, मग माझाच राग आला आणि तोंड मिटलं.

धामनोदला ढाब्यावर चहा घेतला. हार तसेच होते. कडेच्या पाकळ्या जाळीत खेचल्या गेल्या होत्या, ते मला दिसलं. अजून वेळ होती. एक शब्द बोलायचा होता, नाहीतर नुसतं हाराकडे बोट करायचं होतं. मी कप खाली ठेवला, बोलणारच होते. तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, पुण्याचं झालं तर तू आणि आई पण चला. तसंही आता तुला देवासला काय काम आहे?"

त्यानं ते मायेनं म्हटलं होतं. आज मला ते कळतं. पण तेव्हा मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. काय काम आहे! माझं काम तू काढून घेतलंस आणि आता मलाच विचारतोस? मी कप परत उचलला आणि उरलेला चहा संपवला. हाराबद्दल बोलले नाही.

घाट चढायला लागलो तर पुढे ट्रकांची रांग. दुसऱ्या गिअरमधे, कधी पहिल्यात, रखडत. काटा अर्ध्यावर. माझी सीट थंडगार, कारण मागे जाड भिंत. हाच त्या शहाण्या गाडीचा आणि माझ्या व्हॅनचा फरक. माझ्या व्हॅननं मला एव्हाना चटका देऊन उठवलं असतं. इथं कुणीच काही सांगत नव्हतं. पण वास आला. उकळलेल्या पाण्याचा गोडसर वास, आणि त्यात भाजलेला झेंडू. मग आवाज बदलला. बारीक टकटक सुरू झाली. एकोणीस वर्षं ज्याच्यावर बसले त्याचा आवाज मला कळणार नाही का? ते ओरडत होतं. भाऊ गुणगुणत होता.

एक वळण गेलं, मी गप्प. दुसरं गेलं, मी गप्प. तिसऱ्या वळणावर माझ्या तोंडून किंकाळी फुटली, "थांबव! अरे मेल्या, थांबव, मरतंय ते!"

त्यानं गाडी कडेला घेतली तेव्हा मागून वाफेचा लोट उठला आणि इंजिन आपलं आपणच बंद पडलं. मी उतरून धावले आणि ते हार ओरबाडायला लागले. तार तापली होती, दोन्ही तळवे भाजले. आत जाळीत पाकळ्या गच्च बसल्या होत्या. भाऊ दाराजवळ उभा राहून आत मीटरकडे बघत होता.

"ताई, काटा तर अर्ध्यावर आहे," तो म्हणाला.

"तो नेहमीच अर्ध्यावर असतो."

"केव्हापासून?"

"तू शाळेत होतास तेव्हापासून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या हाराकडे, मग त्या दोन तोंडांकडे. हुशार आहे माझा भाऊ, त्याला जास्त सांगावं लागत नाही. मला वाटलं आता शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या, मीही दिल्या असत्या, दीड वर्षाच्या साठवून ठेवल्या होत्या. त्यानं पाण्याची बाटली आणून माझ्या तळव्यांवर ओतली, आणि गाडी ओढून न्यायला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, भावाच्या पाठीवर हात ठेवला, काम सुंदर आहे म्हणाले. मग विचारलं, सुरू कर ना. भाऊ म्हणाला, काल घाटात तापून बंद पडली. साहेब म्हणाले, "डिझाइनमधेच चूक दिसते. कूलिंगचं गणित जमलं नाही तुझं." मी तिथं उभी होते, तळव्यांना बर्नॉल लावलेलं. गणित बरोबर होतं हे तिथं दोघांना माहीत होतं. भाऊ म्हणाला, "हो सर, माझीच चूक." मी तरीही गप्प. पुण्याहून पुन्हा काही आलं नाही.

मग भाऊबीज आली. मला वाटलं येणार नाही. पण दुपारी दारात लोडिंग रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं आणि त्यानं मिळून मागून गोणपाटात गुंडाळलेलं धूड उतरवलं आणि जिथं माझी व्हॅन उभी राहायची तिथं ठेवलं. मी ताट घेऊन बाहेर आले. तो पाटावर बसला नाही. उभ्या उभ्या कुंकू लावून घेतलं, ओवाळून घेतलं, सुपारी हातात धरली. मग गोणपाटाकडे बोट करून म्हणाला, "ही ओवाळणी. तुझं होतं." आईच्या पाया पडला आणि त्याच रिक्षात बसून गेला. आईनं श्रीखंड वाढून ठेवलं होतं, ते संध्याकाळी तिनं परत डब्यात काढून ठेवलं.

आठ दिवस मी त्या गोणपाटाला हात लावला नाही. मग एका सकाळी सहाला, व्हॅन सुरू करायच्या वेळेला, पाने घेऊन बसले आणि हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं. हेड वाकलं होतं, गॅस्केट जळलं होतं, ते मी केलेलं. पण पुढे मी एकेक भाग सुटा करून बघत गेले. आत सगळं नवं होतं. पिस्टनच्या रिंगा नव्या, व्हॉल्व हातानं घासून आरशासारखे बसवलेले. जो तुटका बोल्ट मी सहा वर्षं तार गुंडाळून चालवला होता, तो त्यानं कोरून काढून नवा घातला होता. प्रत्येक बोल्टवर आवळून झाल्याची पिवळी खूण. दीड वर्ष तो शेडमधे हे करत होता, आणि मी दारात तोंड फिरवून उभी होते. माझ्या सीटखाली ते इंजिन इतकं चांगलं कधीच नव्हतं.

हेड घेऊन मी देवासातल्या तीन मिस्त्रींकडे जाऊन आले. तिघंही म्हणाले, दीदी, भंगार में दे दो. ते सरळ करून परत बसवू शकेल असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझा फोन उचलत नाही.